शेवटची ओळ

लोकरीच्या विणकामात दोन क्षण विशेष महत्त्वाचे असतात. एक टाके घालण्याचा आणि दुसरा टाके बंद करण्याचा. पहिल्या क्षणी मन उत्साहाने भरलेले असते. लोकर नवी, नमुना नवा, रंग मनाजोगा. त्यामुळे टाके मोजून, पुन्हा एकदा मोजून, निगुतीने घातले जातात. दुसऱ्या क्षणी मात्र मन घाईला आलेले असते. तीन आठवडे हातात असलेले काम आज संपणार, उद्या ते कुणाच्या तरी अंगावर दिसणार, या ओढीने हात भराभर चालू लागतात, धागा अधिकाधिक घट्ट ओढला जातो, आणि पाव तासात गळ्याची पट्टी बंद होते. मग तो स्वेटर बाळाच्या डोक्यातून घालू लागावे, तर तो कपाळाशी अडतो. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, अशी ही गत. अंग बेताचे, बाह्या सारख्या, नक्षी सुरेख. पण शेवटच्या एका ओळीने सारे काम पेटीच्या तळाशी जाते.

त्या एका ओळीविषयी आज बोलायचे आहे. आकाशवाणीवरून हात दाखविता येत नाहीत, ही अडचण खरी. पण ज्यांच्या हातात या क्षणी सुया असतील त्यांना माझे शब्द हातांनी पडताळून पाहता येतील.

प्रथम विणलेले कापड ताणते कसे, हे समजून घेतले पाहिजे. मागावर विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे सरळ धावतात. सरळ धाग्याला देण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणून धोतराचा काठ ओढला तरी तो जेवढ्यास तेवढाच राहतो. लोकरीच्या विणीत धागा सरळ जात नाही. तो वर चढतो, वळतो, खाली उतरतो आणि शेजारच्या फासाकडे जातो. प्रत्येक टाका हा असा एक उभा फास असतो. आपण कापड आडवे ओढतो तेव्हा फासाची उंची कमी होते आणि ती रुंदीच्या कामी येते. ओढ सोडली की फास पुन्हा उभा राहतो. सुलट आणि उलट टाके आळीपाळीने घेतले म्हणजे कापडाला बारीक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांत रुंदीचा आणखी साठा दडून राहतो. गळ्याला, मनगटाला आणि मोज्याच्या तोंडाला ही वीण का घालतात, याचे उत्तर येथेच आहे.

आता टाके बंद करण्याची नेहमीची रीत पाहा. दोन टाके विणायचे, पहिला दुसऱ्यावरून ओढून खाली सोडायचा, पुढचा टाका विणायचा, पुन्हा मागचा त्यावरून सोडायचा. असे करीत गेले की काठावर एक साखळी तयार होते. दिसायला ती देखणी असते. परंतु या साखळीतील प्रत्येक कडी काठावर आडवी पडलेली असते. उभ्या फासापाशी उंचीचा जो साठा होता, तो तिच्यापाशी नाही. जेवढी लांब ती विणली गेली तेवढीच ती राहणार. म्हणजे खाली चांगली ताणणारी वीण आणि तिच्या तोंडाशी न ताणणारी दोरी, असा हा प्रकार होतो.

याचा हिशेब एकदा मांडून पाहू. समजा, तान्ह्या मुलाच्या स्वेटरच्या गळ्यावर ७२ टाके आहेत. घट्ट बंद केलेल्या काठात एका टाक्याच्या वाट्याला ४ मिलिमीटर येत असतील, तर सारा घेर २९ सेंटिमीटरांच्या आतच राहील. नवजात बालकाच्या डोक्याचा घेर मात्र सुमारे ३५ सेंटिमीटर असतो. छातीच्या घेराहूनही तो थोडा अधिकच असतो. म्हणून अंगाला सैल होणारा स्वेटर डोक्यातून जात नाही. तीच कडी ४ ऐवजी ५ मिलिमीटर ताणू शकली असती, तर घेर ३६ सेंटिमीटर झाला असता आणि डोके अलगद बाहेर आले असते. उणीव केवळ एका मिलिमीटरची. पण ती ७२ वेळा घडली.

लहान मुलांचेच असे नाही. घोट्याच्या घेरापेक्षा टाच आणि पावलाचा उंचवटा यांचा मिळून होणारा घेर मोठा असतो, आणि मोज्याच्या तोंडाला तो ओलांडावा लागतो. वृद्ध माणसांचे पाय संध्याकाळपर्यंत सुजतात. सकाळी नीट बसलेला मोजा रात्री पोटरीवर वळ उठवितो. मधुमेह असलेल्यांना तर घट्ट काठाचे मोजे वापरू नयेत, असा सल्ला डॉक्टर देतात. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा सीमेवरील जवानांसाठी देशभर घरोघरी लोकरीचे कपडे विणले गेले. ज्यांनी ते विणले त्यांनी तो मोजा चढविणारी बोटे पाहिली नव्हती. बर्फात बधिर झालेल्या बोटांनी जो चढवायचा आणि उतरवायचा, त्या मोज्याचे तोंड सैल असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा: हा काठ ताणला जाणार आहे काय? खांद्याची कड ताणली जाऊ नये, नाहीतर स्वेटर आपल्याच भाराने ओघळतो. बटणांची पट्टीही ताठ असावी. तेथे नेहमीची साखळीच योग्य. परंतु गळा, मनगट, तोंडाकडे संपणारा मोजा, शेंड्यापासून खाली विणत आणलेली कानटोपी आणि धुऊन ताणून वाळवायची जाळीदार शाल, या ठिकाणी लवचीक काठ पाहिजे. तो साधण्याच्या चार रीती सांगतो.

पहिली रीत सर्वांत सोपी. साखळी नेहमीचीच घालावी, मात्र उजव्या हातात जाड सुई घ्यावी. आपल्याकडील जुन्या क्रमांकांत आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात असू द्यावे. दहा क्रमांकाची सुई सव्वातीन मिलिमीटरांची, तर आठ क्रमांकाची चार मिलिमीटरांची. म्हणून दहा क्रमांकाने विणलेली पट्टी आठ क्रमांकाने बंद करावी. कडी आपोआप मोठी होते. ज्यांचा हात जात्याच घट्ट आहे, त्यांना केवळ मनाला बजावून हा लाभ होत नाही. सुई बदलली म्हणजे मनावर विसंबावे लागत नाही. मोठ्या माणसाच्या मनगटाला एवढे पुरते. बाळाच्या गळ्याला बहुधा पुरत नाही.

दुसरी रीत दोन टाके एकत्र विणण्याची. डाव्या सुईवरील पहिले दोन टाके मागच्या बाजूने सुई घालून एकत्र सुलट विणावेत. उजव्या सुईवर जो एक टाका आला, तो न पिळता पुन्हा डाव्या सुईवर ठेवावा. आता तो आणि पुढचा टाका, असे दोन पुन्हा एकत्र विणावेत. एवढीच कृती शेवटपर्यंत करावी. परत ठेवलेला टाका ओढून घट्ट करू नये, एवढे पथ्य पाळले तर काठ मऊ येतो. सर्व ओळी सुलट असलेल्या विणीला आणि जाळीच्या शालीला ही रीत फार शोभते.

तिसरी रीत अलीकडची आहे. अमेरिकेतील जेनी नावाच्या एका विणकाम करणाऱ्या बाईंनी ती २००९ साली प्रसिद्ध केली आणि अल्पावधीत ती जगभर पसरली. तिचे मर्म असे, की प्रत्येक टाक्याला थोडा जादा धागा द्यायचा. सुलट टाका विणण्यापूर्वी धागा उजव्या सुईवरून मागून पुढे आणून, खालून पुन्हा मागे न्यावा, म्हणजे उलट दिशेचा एक वेढा पडतो. मग टाका सुलट विणावा आणि तो वेढा त्यावरून ओढून खाली सोडावा. उलट टाक्याच्या आधी धागा नेहमीप्रमाणे सुईवरून पुढून मागे न्यावा, खालून पुन्हा पुढे आणावा, टाका उलट विणावा आणि वेढा त्यावरून सोडावा. असे दोन टाके तयार झाले, की पहिला दुसऱ्यावरून नेहमीसारखा सोडावा; पुढे प्रत्येक टाक्याला वेढा देऊन हेच करीत जावे. टाक्याच्या गळ्याशी पडलेला वेढा हा धाग्याचा राखीव साठा होय. ओढ बसली की तो उलगडतो. सुलट-उलट विणीच्या मोज्याला याहून सोयीची रीत क्वचितच मिळेल. साध्या सपाट विणीवर मात्र ती वापरू नये. तेथे काठ झालरीसारखा पसरतो.

चौथी रीत शिवून बंद करण्याची. इंग्लंडमध्ये १९१० साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या विख्यात विणकाम-लेखिकेचे नाव या रीतीशी जोडले जाते. पट्टी ताणून धरली असता जेवढी लांब होईल, त्याच्या तिप्पट धागा ठेवून तो कापावा. चाळीस सेंटिमीटर ताणायचे असेल, तर सव्वा मीटर. मोठ्या नेढ्याच्या, बोथट टोकाच्या सुईत तो ओवावा. ही सुई डाव्या सुईवरील पहिल्या दोन टाक्यांतून उजवीकडून डावीकडे घालावी आणि धागा ओढून घ्यावा. नंतर फक्त पहिल्या टाक्यातून ती डावीकडून उजवीकडे परत काढावी आणि तो टाका सुईवरून उतरू द्यावा. पुन्हा पुढचे दोन, पुन्हा त्यांतील पहिला. येथे साखळी मुळीच होत नाही. धागा काठावर नागमोडी फिरतो आणि खालच्या विणीबरोबर ताणतो. काम संथ आहे. परंतु बाळाच्या गळ्यासाठी मी हीच रीत सुचवीन, कारण मऊ आणि सपाट काठ कोवळ्या कातडीला बोचत नाही.

कोणतीही रीत घेतली तरी धाग्याचा स्वभाव ओळखावा. लोकर ताणते आणि पुन्हा आकसते. सुती धागा ताणला की बराचसा तसाच राहतो. म्हणून सुती कामात फार सैल काठ ठेवला तर तो चार धुण्यांत लोंबू लागतो.

आणि अंदाजावर विसंबू नये. चोवीस टाक्यांचा एक लहान तुकडा विणावा. सुईवरून उतरविण्यापूर्वी टाके जाड धाग्यावर घेऊन तुकडा पूर्ण ताणावा आणि पट्टीने मोजावा. मग टाके बंद करून पुन्हा ताणावा. दोन्ही मापे जवळजवळ सारखी आली, तर काठ विणीच्या तोलाचा आहे. प्रत्यक्ष कपड्यावरही वीस टाके बंद होताच थांबून काठ ओढून पाहावा. वीस टाके उसवायला एक मिनिट पुरते. सगळा गळा उसवायला मन तयार होत नाही, आणि मग कपडा तसाच राहून जातो.

ज्यांच्या घरी असा अडलेला स्वेटर पडून आहे, त्यांनी निराश होऊ नये. साखळीचा काठ जेथे संपला, त्या टोकाकडून तो सहज उसवतो. आधी काठाच्या खालच्या ओळीतील प्रत्येक फासातून दुसऱ्या रंगाचा गुळगुळीत धागा ओवून घ्यावा, म्हणजे टाके निसटण्याचे भय नाही. मग साखळी उसवावी, फास बारीक सुईवर घ्यावेत आणि लवचीक रीतीने पुन्हा बंद करावेत. जुना धागा अपुरा पडला तर त्याच जातीचा नवा जोडावा. रंगाची किंचित तफावत काठावर खपून जाते. तासाभराच्या या कामाने तीन आठवड्यांचे श्रम वाया जाण्याचे टळते.

दिल्लीच्या उन्हात अंगणात बसून विणणारी मराठी गृहिणी असो, इंदूरची असो वा नाशिकची. तिच्या विणीचे कौतुक नक्षीवरून होते, रंगावरून होते. काठाचे कौतुक कुणी करीत नाही. मूल रडले नाही, पोटरीवर वळ उठला नाही, आजोबांनी मोजे स्वतःच्या हातांनी चढविले, यातच तो काठ चांगला असल्याची पावती असते. ज्याच्यासाठी विणले त्याला ती ओळ कधी जाणवलीच नाही, म्हणजे विणणाऱ्याने ती नीट संपविली असे समजावे.