उतरणार कोठे?



परगावी निघालेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो 'उतरणार कोठे?' हा. ज्यांची ऐपत आहे ते हल्ली ऐतिहासिक वास्तूत उतरण्याची हौस धरतात. रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस १९८७ साली हॉटेल झाला, तो या हौसेमुळेच. परंतु कोल्हापुरातील खरा ऐतिहासिक मुक्काम कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही त्याला राजवाड्याकडे नेणार नाही; दसरा चौकाच्या आसपासची बोर्डिंगे दाखवू.

खेड्यातला मुलगा शिकायला येई. शाळा होती, पण रात्री पाठ कोठे टेकावी? भाकरी कोणी वाढावी? येथे जात आडवी येई. शाळेची खरी किल्ली मुक्कामाच्या जागेत आहे, हे शाहू छत्रपतींनी ओळखले. १८९६ साली सर्वांसाठी काढलेल्या वसतिगृहात प्रत्यक्षात एकाच जातीची मुले राहिली. तेव्हा त्यांनी दुसरी वाट धरली. १९०१ साली मराठा आणि जैन बोर्डिंग निघाले, १९०६ साली मुसलमान मुलांचे, पुढे लिंगायतांचे. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या बोर्डिंगाला मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे, मिस क्लार्क यांचे, नाव दिले.

आता कोणी म्हणेल, जातवार बोर्डिंगांनी जात पक्कीच केली. आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर मात्र एका बोर्डिंगातल्याच मुलाने दिले. जैन बोर्डिंगात राहणारे भाऊराव पाटील मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला गेले. परतल्यावर 'आंघोळ केल्यावाचून पंक्तीला बसू नये' असा दंडक पुढे आला. त्यांनी तो मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यास असे वसतिगृह काढले, की जेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवली. महाराजांनी दार उघडले, भाऊरावांनी आतल्या भिंती काढल्या. पहिल्यावाचून दुसरे घडते ना.

आणि आम्ही? अजूनही शहरात खोली शोधणाऱ्या मुलाला पुष्कळ ठिकाणी आधी आडनाव विचारतात, भाडे मागाहून सांगतात. जुन्या वाड्यात एक रात्र काढल्याने इतिहास कळेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. दाराशी आलेल्या पोराला आडनाव न विचारता आत घेतले, तर तो निश्चित कळेल.