बिनतारी जोडणी आणि बाईचा खाजगीपणा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



संगणकाचा विषय निघाला की आपल्यातल्या बऱ्याच जणी 'ते आमच्या मुलाला कळतं' म्हणून मोकळ्या होतात. घरातल्या संगणकाला आपला मोबाइल बिनतारी जोडता येतो. ती जोडणी कोण करतं आणि नंतर कोणाला काय दिसतं, हा प्रश्न नुसता तंत्राचा नाही, घरातल्या सत्तेचा आहे.

आधी ती कशी होते ते पाहू. विंडोजच्या संगणकावर 'फोन लिंक' नावाचं सॉफ्टवेअर असतं. २०१८ साली ते 'युअर फोन' या नावाने आलं, २०२२ मध्ये नाव बदललं. अँड्रॉइड फोनवर त्यासाठी 'लिंक टू विंडोज' हे अ‍ॅप लागतं. संगणकाच्या पडद्यावरचा चौकोनी कोड फोनने टिपायचा. मग फोन एकेक परवानगी मागतो: संदेश, फोटो, कॉल, सूचना. 'हो' म्हटलं की हे सगळं संगणकावर दिसू लागतं. व्हॉट्सअ‍ॅपची जोडणी वेगळी. तिथे एका खात्याला चार जादा उपकरणं जोडता येतात आणि फोन बंद असला तरी ती चालतात.

यात सोय आहेच. बचत गटाची कागदपत्रं, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचे फोटो तारेशिवाय संगणकावर घेता येतात. पण सल्ला केंद्रात दुसरी बाजूही दिसते. एक बाई म्हणाली, "मी आईला काय लिहिलं, ते यांना संध्याकाळी शब्दन्‌शब्द माहीत असतं." तिचा संशय नणंदेवर होता. तिच्या व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तर त्यात घरचाच संगणक! 'फोटो उतरवून देतो' म्हणून नवऱ्याने तो जोडला होता. फोटो उतरले, जोडणी तशीच राहिली. बाईने एकदा दिलेली संमती कायमची धरायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मात्र पती-पत्नीचं चोरून ध्वनिमुद्रित केलेलं संभाषण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल, असंही याच न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी म्हटलं. म्हणून निकालावर विसंबून बसता येणार नाही.

आपल्या फोनवर तीन जागा तपासा: व्हॉट्सअ‍ॅपमधली जोडलेली उपकरणं, 'लिंक टू विंडोज' आणि ब्लूटूथची यादी. नको असलेलं नाव तिथूनच काढता येतं.

पण घरात मारहाण होत असेल तर घाई करू नका. जोडणी तुटली की समोरच्याला कळतं आणि राग बाईवर निघतो. आधी त्या यादीचा फोटो दुसऱ्या, विश्वासातल्या फोनने काढून ठेवा. मदतीसाठी १८१ ला किंवा सल्ला केंद्राला फोन करायचा तोही त्याच दुसऱ्या फोनवरून. राहण्याची सुरक्षित सोय झाली की मग जोडणी तोडा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मानसिक छळही हिंसाच आहे, हे संरक्षण अधिकाऱ्यासमोर ठामपणे मांडा.

कार्यकर्त्यांना एकच विनंती. बाईचा फोन आपल्या हातात घेऊन तो 'ठीक' करून देऊ नका. शेजारी बसा, बटणं तिलाच दाबू द्या. पुढच्या वेळी तिला कोणाला विचारावं लागू नये, एवढं झालं तरी पुष्कळ.