चाल संपली, काम राहिले
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि आजवरचा जन्म रुळांच्या देखभालीत गेला. आमच्या कामात बोलणे कमी आणि तपासणे जास्त. पण सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, तुम्ही २०२३ साली चालत समुद्रापर्यंत गेलात, त्यावर बोला." म्हणून उभा आहे. पायाला आलेल्या फोडांविषयी मी बोलणार नाही. ते आठ दिवसांत बरे झाले. जे बरे व्हायला आठ महिने लागले, त्याविषयी बोलतो.

आमच्याकडे रुळांच्या कामावर एक कंत्राटी मजूर होता. अंगाने किरकोळ, पण कामाला वाघ. २०२२च्या पावसाळ्यात रात्री घरीच झोपेत गेला. हृदयविकार. मागे बायको आणि दोन मुली, एक आठवीत, एक पाचवीत. कायम नोकरी नसल्याने पेन्शन नाही. मुलींच्या शिक्षणासाठी काही रक्कम ठेव म्हणून ठेवावी, असे आमच्या मनात आले.

'आमच्या' म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा आमच्या सेक्शनचे निवृत्त कीमॅन. चावी ठोकायचा हातोडा खांद्यावर घेऊन तीस वर्षे रोज रुळावरून चाललेला माणूस. नोकरीत ते माझ्या हाताखाली होते. पण कुठली क्लिप ढिली आहे हे मला मोजून कळायचे, त्यांना आवाजावरून. ते मला 'सार' म्हणतात, मी त्यांना अण्णा. हा शब्द त्यांच्या तमिळमध्येही थोरल्या भावाचा आणि आपल्या मराठीतही.

कल्पना त्यांचीच. तिरुवलंचुळीच्या गणपतीपासून निघायचे आणि कावेरीच्या काठाकाठाने पूम्पुहारला समुद्रापर्यंत जायचे. लोकांनी दर किलोमीटरला जमेल तो आकडा वहीत घालायचा. एक्केचाळीस जणांनी आकडे घातले. त्यात इथे बसलेले पुष्कळ जण आहेत. किलोमीटरला एकूण १,१५० रुपये झाले.

तिरुवलंचुळीला आपण सगळेच दर्शनाला जातो. तिथला गणपती पांढरा. समुद्रमंथनाआधी देव गणेशाची पूजा करायला विसरले, मग हलाहल निघाले, आणि चूक ध्यानात आल्यावर त्यांनी समुद्राच्या फेसाचाच गणपती केला, अशी कथा आहे. म्हणून त्या मूर्तीला पाण्याचा अभिषेक नाही, नुसती भीमसेनी कापराची पूड. दुसरी कथा गावाच्या नावाची. कावेरी तिथे एका विवरात गडप झाली. हेरंड ऋषींनी त्या विवरात उडी घेतली, तेव्हा ती उजवीकडे वळसा घेत वर आली. 'वलम्' म्हणजे उजवे, 'चुळि' म्हणजे वळसा. फेसाच्या गणपतीपासून फेसाच्या समुद्रापर्यंत जायचे, हे अण्णांना फार आवडले होते.

२६ जानेवारीला पहाटे निघालो. कुंभकोणम मागे पडले, तिरुभुवनमला रेशमाच्या मागांचा आवाज कानावर आला. तिरुविडैमरुदूरला महालिंगस्वामींच्या मंदिरासमोर बसून डबा खाल्ला. आपल्या जुन्या लोकांचे हे मध्यार्जुन. १७९८ साली सरफोजीराजे दुसरे तंजावरच्या गादीवर आले, तेव्हा पायउतार झालेले अमरसिंह राजे इथे येऊन राहिले. त्याच सरफोजींनी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र बांधले. रामेश्वरच्या वाटेवर चालणाऱ्या कुणालाही, जात न विचारता, तिथे जेवण मिळे. चालणारा आणि त्याला खायला घालणारा, हे नाते आपल्या माणसांनी या मुलखात दोनशे वर्षांपूर्वी सांभाळले आहे. आम्हालाही त्याचा अनुभव आला. वाटेत तीन ठिकाणी अनोळखी घरांतून ताक आले. द्यायला निघालेले आम्ही, दिवसभर घेतच होतो.

पुढे गोविंदपुरमला विठ्ठलाचे दर्शन घेतले. २०११ साली उभे राहिलेले हे मंदिर पाहिले, तमिळ तोंडातून अभंग ऐकले की मराठी माणसाचे डोळे भरतातच. पहिला मुक्काम आडुतुरैला अण्णांच्या मेहुण्यांकडे. दुसऱ्या दिवशी नरसिंगमपेट्टै, जिथे नादस्वर बनतात, मग कुत्तालम आणि रात्री मयिलाडुतुरै. भात कापणीला आले होते. तिसऱ्या दिवशी, २८ तारखेला दुपारी, पूम्पुहारची वाळू पायाला लागली. आमच्या हिशेबाने ६८ किलोमीटर.

आणि इथेच माझी चूक झाली.

६८ गुणिले १,१५० म्हणजे ७८,२०० रुपये. आनंदाच्या भरात मी किनाऱ्यावरूनच त्या अक्कांना फोन लावला. म्हणालो, "अक्का, अठ्ठ्याहत्तर हजार झाले!" पलीकडे त्या रडल्या. मलाही भरून आले. संध्याकाळी मयिलाडुतुरैहून गाडीत बसलो. ज्या वाटेला दोन दिवस लागले होते, ती गाडीने तासाभराच्या आत मागे टाकली. मला वाटले, काम झाले.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा हातात ३१,००० रुपये होते. एका सकाळी अक्का थोरल्या मुलीला घेऊन ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. माझ्या फोनच्या भरवशावर त्यांनी कानातले गहाण ठेवून शाळेची थकलेली फी भरली होती, आणि सोडवून नेण्याची तारीख देऊन बसल्या होत्या. तारीख उलटली होती. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. मुलगी तेवढी माझ्याकडे बघत होती. ती नजर अजून विसरलो नाही.

कानातले त्या दिवशी मी पदरच्या पैशाने सोडवले. संध्याकाळी अण्णांना सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "सार, अवजारं रुळावर असताना तुम्ही ब्लॉक सोडलात."

रेल्वेतल्या मंडळींना कळले असेल, इतरांसाठी सांगतो. रुळांवर मोठे काम करायचे तर आम्ही ब्लॉक घेतो. तेवढा वेळ त्या मार्गावर गाडी येत नाही. काम झाले, अवजारे बाहेर काढली, माणसे मोजली, की मगच रूळ गाडीसाठी योग्य आहे असे मी सहीनिशी लिहून देतो. तरीही पहिली गाडी जपून, हळू नेतात. रूळ बसत जातो तसा वेग वाढवतात. घाईने सही केली तर काय होते, हे मला कुणी शिकवायला नको होते. तरी मी ती केली, कारण समोर रूळ नव्हता, कौतुक होते.

मग आम्ही दुसऱ्यांदा निघालो. या वेळी कुंभकोणमच्या गल्ल्यांतून, दारोदार. मी स्कूटर काढली तर अण्णांनी चावी काढून घेतली. म्हणाले, "स्कूटरवरून येतो तो वसुलीवाला. चालत येतो त्याला लोक आधी पाणी देतात." मार्च ते सप्टेंबर, आठवड्यातून दोन संध्याकाळी. कुणी म्हणाले विसरलो, कुणी म्हणाले आम्हाला ती गंमत वाटली. कुणी तर "तुम्ही खरोखर एवढे चाललात?" असे विचारले. एका गलाई दुकानात मालकांनी मूस भट्टीतून बाहेर काढेपर्यंत आम्हाला बसवले, सगळी रक्कम मोजून दिली आणि म्हणाले, "आमच्या धंद्यात लिहिलेले वजन आणि दिलेले वजन एकच लागते."

त्या दिवसांत मी विनोबांविषयी वाचत होतो. आपल्या कोकणातल्या गागोद्याचा हा माणूस. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी जमीन मागितली, रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली, आणि पुढे वर्षानुवर्षे पदयात्रा चालली. १९५६-५७ मध्ये ते तमिळनाडूतही चालले. सुमारे ४२ लाख एकरांची दाने जाहीर झाली. पण त्यातली फार मोठी जमीन प्रत्यक्षात वाटलीच गेली नाही. काही नापीक निघाली, काही वादात होती, काहींनी शब्द फिरवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या पायांनाही जे जमले नाही, ते काम कागद हातात घेऊन मागे लागण्याचे होते.

ते काम करणारे जोडपे आपल्या याच भागात होऊन गेले. एस. जगन्नाथन आणि कृष्णम्माळ. दोघेही भूदानात चालले. १९६८ साली कीळवेण्मणीला ४४ दलित माणसे जाळली गेली, त्यानंतर दोघे जुन्या तंजावर जिल्ह्यातच ठाण मांडून राहिले. १९८१ साली 'लाफ्टी' ही संस्था काढून जमीनदारांशी बोलणी, बँकांचे कर्ज, नोंदणीचे कागद असे सगळे करत हजारो भूमिहीन कुटुंबांना बायकांच्या नावे जमीन मिळवून दिली. जगन्नाथन २०१३ साली गेले. कृष्णम्माळ यांना २०२० साली पद्मभूषण जाहीर झाले. चालण्याचे फोटो निघतात, सातबारा नावावर होईपर्यंतच्या खेपांचे निघत नाहीत.

आमचा हिशेब लहान. २०२३च्या गणेश चतुर्थीपर्यंत एक्केचाळीसपैकी अडतीस जणांचे मिळून ७६,५०० रुपये जमले. एकजण बदलून गेले, एकांनी नाही म्हटले, आणि एक गृहस्थ वारले. त्यांच्या घरी आम्ही मागायला गेलो नाही. दोन मुलींच्या नावे दोन ठेवी केल्या आणि पावत्या तिरुवलंचुळीला पांढऱ्या गणपतीसमोर अक्कांच्या हातात दिल्या. थोरलीने पावती नीट वाचली, रक्कम, तारीख, नाव. मग माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसली. अण्णा म्हणाले, "सार, आता द्या फिट."

मंडळाची तरुण मंडळी येत्या जानेवारीत पुन्हा चालायचे म्हणत आहेत. जरूर चाला, मी आणि अण्णा बरोबर आहोत. पण वहीत या वेळी आकड्याशेजारी तारखेचा रकाना असेल. आणि ज्यांच्यासाठी चालायचे त्यांना फोन करायचा तो किनाऱ्यावरून नाही, बँकेतून बाहेर पडल्यावर.



गणपती बाप्पा मोरया!