रेकॉर्डची दुसरी बाजू

‘तुमच्यावर परिणाम करणारे संगीताचे अल्बम’ असा विषय मला दिला आहे. यादी करायला बसलं तर रात्र पुरायची नाही. मी आज चारच ध्वनिमुद्रिकांबद्दल बोलणार आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगते. माझी आवड माझ्या आवडत्या गाण्यांनी जितकी घडवली, त्याहून जास्त त्या गाण्यांच्या शेजाऱ्यांनी घडवली. म्हणजे, एक गाणं ऐकायचं म्हणून रेकॉर्ड लावली आणि पुढचं ऐकावं लागलं, त्या पुढच्या गाण्यांनी.

तरुण मंडळींसाठी थोडी माहिती. जुन्या 78 गतीच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. 1948 साली अमेरिकेत एलपी आली. ती मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचं संगीत मावतं. त्यामुळे गाण्यांना क्रम आला, शेजार आला आणि उलटायला दुसरी बाजू आली. मधलं गाणं गाळायचं तर उठून सुई उचलावी लागे, आणि सुई उचलताना ओरखडा पडला तर बाबांची बोलणी खावी लागत. त्यामुळे आम्ही सगळं ऐकायचो.

माझं लहानपण इंदूरचं. रामबागेत मराठी घरं भरपूर, पण शाळा हिंदी, बाजार हिंदी आणि मैत्रिणींशी बोलणं इंदुरी. घरातली मराठीही ‘मी जाऊन राहिली आहे’ छापाची. आमच्याकडे मराठी पुस्तकं मोजकी आणि रेकॉर्डी त्याहून मोजक्या. महिन्याच्या हिशेबात रेकॉर्ड ही चैन होती. जी आणली ती वर्षभर ऐकायची.

पहिली ध्वनिमुद्रिका ‘अभंग तुकयाचे’. आवाज लता मंगेशकरांचा, संगीत श्रीनिवास खळे यांचं. लताबाईंचा जन्म 1929 साली इंदूरचा, एवढ्या एका कारणावरूनही आमच्याकडे ती रेकॉर्ड देवघरातल्या वस्तूसारखी जपली जायची. खळ्यांचं बालपण गेलं बडोद्याला. म्हणजे देहूच्या तुकोबांना आमच्या घरी घेऊन आले ते इंदूरला जन्मलेले आणि बडोद्याला वाढलेले लोक! हे मला फार नंतर कळलं, आणि कळल्यावर फार बरं वाटलं.

त्या अभंगांत ‘वाळवंट’ शब्द येतो. मी आजीला विचारलं, पंढरपुराला वाळवंट कुठून आलं? शाळेच्या भूगोलात पंढरपूर राजस्थानजवळ नव्हतं. आजी म्हणाली, ‘अगं, चंद्रभागेच्या पात्रातली वाळू, तिला म्हणतात वाळवंट. तिथे वारकरी नाचतात.’ आजीनं तरी पंढरपूर एकदाच पाहिलं होतं. पण त्या संध्याकाळी तिनं दिंडी, वीणेकरी, रिंगण असं सगळं सांगितलं. त्या एलपीनं मला मराठी शिकवली असं मी म्हणते, ते या अर्थानं. चाल आधी पाठ झाली आणि शब्दांचे अर्थ एकेक करून, पुढची दहा वर्षं, कळत गेले.

दुसरी, ‘कॉल ऑफ द व्हॅली’, 1967 सालची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. ही ध्वनिमुद्रिका घडवून आणली ग. ना. जोशी यांनी. भावगीताच्या सुरुवातीच्या काळातले हे गायक पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहत होते. कल्पना साधी आहे. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस. पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी.

त्यात शब्द नाहीत, म्हणून सुरुवातीला मला ती कंटाळवाणी वाटायची. हळूहळू कान वाद्यांकडे गेला. संतूरवर कलमाचा आघात झाला की सूर लगेच विरायला लागतो, त्याला ओढता येत नाही. बासरीचा सूर श्वास असेपर्यंत टिकतो. काब्रांची गिटार एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते, गळ्यासारखी. तिघे एकच राग वाजवतात आणि प्रत्येकाची अडचण वेगळी आहे. कला म्हणजे आपल्या अडचणीतून काढलेली वाट, ही समज मला तिथून आली. रागाची वेळ म्हणजे काय, हेही कुणी शिकवलं नाही. रेकॉर्डचा क्रमच दिवसाचा होता.

तिसरी, कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांची. कुमारजी मूळचे बेळगावकडच्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. संगीताचं शिक्षण मुंबईत, प्रोफेसर देवधरांकडे. क्षयानं गाठलं, तेव्हा कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 मध्ये ते देवासला आले. आमच्या इंदूरहून देवास तासाभराच्या अंतरावर. काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, नाथपंथी जोग्यांची भजनं ऐकली, आणि बरे झाल्यावर ती त्यांच्या गाण्यात आली.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्याकडे मालवी बोलीला जागा अंगणापर्यंतच होती. भाजीवालीशी, दूधवाल्याशी बोलायची ती मालवी. एका दुपारी ही रेकॉर्ड चालू होती आणि भांडी घासणाऱ्या बाई हात तसेच राखेचे ठेवून दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘हे तर आमच्याकडे रात्री गातात.’ मग त्यांनी त्याच धाटणीचं एक भजन म्हणून दाखवलं. आवाज जाड, पण सूर पक्का. आजीनं त्यांना पाट दिला. त्या आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा बसल्या, त्या दिवशी.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं आपली भाषा जपतो, ते योग्यच आहे. पण जपता जपता ज्या मातीत राहतो तिच्याकडे पाठ होते. कानडी घरातला एक गायक आजारी पडून माळव्यात येतो, तिथली गाणी कान देऊन ऐकतो, आणि आम्ही तीन पिढ्या तिथे राहून ती ऐकलेली नसतात! मराठीपण टिकवायला दार बंद ठेवावं लागत नाही, हे मला त्या रेकॉर्डनं शिकवलं.

चौथी, किशोरी आमोणकरांची. एका बाजूला भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. बाबा भूपाचे भक्त. भूप संपला की ते उठून जायचे, आणि रेकॉर्ड उलटण्याचं काम माझं. त्यामुळे बागेश्री माझा झाला. भूप पाच स्वरांचा, मध्यम-निषाद नसलेला, सगळे स्वर शुद्ध. त्यानंतर बागेश्रीतला कोमल गंधार ऐकला की खोलीतला उजेड कमी झाल्यासारखं वाटायचं. मैफलीत तासभर चालणारा राग वीस-बावीस मिनिटांत मांडायचा, म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं याचा कस लागतो. मी पुढे बँकेत नोकरी केली, असंख्य अहवाल लिहिले. आटोपशीर असूनही अपुरं न वाटणं हे मी कुठे शिकले असं कुणी विचारलं, तर मी या रेकॉर्डचं नाव सांगेन.

नव्वदच्या दशकात बदली होऊन मी मद्रासला आले. भाषा येत नव्हती. शेजारच्या घरात एक मुलगी रोज सकाळी गायची. एक दिवस तिचं गाणं ऐकताना वाटलं, अरे, हा तर भूप! तिच्या आईनं सांगितलं, याला इथे मोहनम् म्हणतात. स्वर तेच, चालणं वेगळं. त्या पाच स्वरांवर आमची ओळख झाली, तमिळ नंतर आली. मग मार्गळी महिन्यातल्या कच्चेऱ्या ऐकू लागले. अरुणा साईराम मैफलीच्या अखेरीस अभंग गातात, तेव्हा समोरचे तमिळ श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात. तंजावरला मराठे राज्य करत होते आणि एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकारांनी तिथल्या हरिकथेला वळण दिलं, हा इतिहास मी त्यानंतर वाचला. तुकोबा माझ्या आधीच तिथे पोचले होते.

आता मुद्द्याचं. माझी लेक चेन्नईतच वाढली. मराठी बोलते, वाचायला अडखळते. मागच्या वर्षी घर बदलताना तिनं रेकॉर्डींची खोकी पाहिली आणि विचारलं, ‘आई, हे सगळं फोनवर आहे ना, मग ठेवायचं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. मी फोनची विरोधक नाही. इंदूरला ज्या रेकॉर्डची आम्ही महिनोन् महिने वाट पाहायचो, ती आज गुवाहाटीतला मराठी मुलगा बसल्या जागी ऐकतो. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मी तिला दोन गोष्टी दाखवल्या. एक, वेष्टनाची मागची बाजू. तिथे तबला कुणी वाजवला ते छापलेलं असतं. फोनवर गाणं येतं, चित्र येतं, माणिकराव पोपटकर बहुतेकदा येत नाहीत. दुसरी गोष्ट, फोन विचारतो तुला काय आवडतं, आणि त्याच्यासारखंच आणखी देतो. भूप आवडला तर भूप. बागेश्री कधी मिळायचा? शब्दांच्या गाण्यावर वाढलेल्या मुलीला संतूर कोण ऐकवणार? माझ्या आवडीत जे जे मोठं झालं, ते मला पहिल्यांदा आवडलेलं नव्हतं. चार-पाच वेळा नाइलाजानं ऐकल्यावर ते उलगडलं. तो नाइलाज आता कुणावरच नाही. म्हणून तो आपण होऊन पत्करायला हवा.

आम्ही दोघींनी एक नियम केला आहे. महिन्याला एक अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दिलेल्या क्रमानं, मध्ये काही न गाळता. एक महिना माझी निवड, एक महिना तिची. तिच्या निवडीतलं तमिळ रॅप मी तीनदा ऐकलं आहे. तिसऱ्यांदा त्यातला ताल सापडला. माझ्या महिन्यात आम्ही ‘अभंग तुकयाचे’ लावलं, तेव्हा तिनं विचारलं, वाळवंट म्हणजे डेझर्ट ना? मी सांगायला सुरुवात केली, आणि तिनं वहीत तो शब्द देवनागरीत लिहिला. अनुस्वार राहिला होता, तो नंतर दिला.

तुम्ही भोपाळला असा, हैदराबादला असा, कोलकात्याला असा. या महिन्यात एक अल्बम निवडा आणि घरातल्या धाकट्या माणसाबरोबर पूर्ण ऐका. आणि त्याच्या पसंतीचाही एक ऐका, तोही पूर्ण. वाजवणाऱ्यांची नावं शोधून काढा, मोठ्यानं वाचा. खोकी आमच्याकडे अजून आहेत. त्यांचं काय करायचं ते लेक ठरवेल.