कुत्र्याच्या नाकाला काम द्या



पावसाळा लागला की कुत्रा पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. बाहेर पावसानं धार धरलेली असते, सकाळचं फिरणं पाच मिनिटांत उरकलेलं असतं, आणि घरातला दीड-दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर, बीगल किंवा गल्लीतून उचलून आणलेला देशी कुत्रा काही केल्या स्वस्थ बसत नाही. चपला कुरतडतो, उशीतला कापूस उपसतो, बाल्कनीतल्या कुंड्या उकरतो, जिन्यात पाऊल वाजलं तरी भुंकून घर डोक्यावर घेतो. मग कुणी म्हणतं, फार मस्तीखोर आहे. कुणी म्हणतं, लाडावून ठेवलाय. कुणी सल्ला देतं, बांधून ठेवा.

बांधून ठेवल्यानं हा प्रश्न चिघळतो. त्या कुत्र्याला दिवसभर करायला काहीच नाही, ही त्याची खरी अडचण आहे. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे.

कुत्रा माणसाजवळ टिकला, वाढला, तो त्याच्या कामामुळे. देशावरचे धनगर दिवाळीच्या सुमाराला मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कुत्री असतात. रात्री उघड्या रानात मुक्काम पडला की जनावराची चाहूल माणसाआधी त्यांना लागते. आपल्याकडचा कारवान कुत्रा मोकळ्या माळावर सशामागे धावण्यासाठी जोपासला गेला. इंग्लंडातल्या बीगलचं काम सशाचा माग नाकानं काढायचं. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात उतरत, आणि पुढे ब्रिटनमध्ये त्यांना शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणायचं काम मिळालं. बॉर्डर कॉली इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढ्या वळवत आला. 1873 मध्ये वेल्समधल्या बाला गावी मेंढपाळ कुत्र्यांची स्पर्धा भरली, त्याही आधी तो हे काम करत होता. आपल्या गल्लीतला देशी कुत्रा तर स्वतःचं पोट स्वतः भरतो. कुठल्या दारात काय मिळतं, कुठल्या गल्लीत दुसऱ्या टोळीचा दरारा आहे, कुठली गाडी थांबणार आणि कुठली नाही, हे सगळं त्याला ठेवावं लागतं डोक्यात.

हे सगळे कुत्रे आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलेत. शोधायची, माग काढायची, राखण करायची हौस अंगात तशीच आहे, पण काम सुटलं. जेवण वाटीत येतं आणि मिनिटभरात संपतं. ज्या अन्नासाठी त्याच्या पूर्वजांचा निम्मा दिवस जायचा, ते मिनिटभरात पोटात गेलं, तर उरलेला दिवस त्यानं काय करायचं? तो स्वतःच काहीतरी काम शोधतो. त्याचं काम म्हणजे आपली उशी.

अशा वेळी बहुतेक लोक त्याला आणखी पळवतात. तरुण, निरोगी कुत्र्याला रोज पळणं हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण नुसतं पळवून त्याचा दम वाढतो, आणि काही आठवड्यांनी तेवढं पळणं त्याला पुरेनासं होतं. पुन्हापुन्हा चेंडू फेकत राहिलं तर कित्येक कुत्री घरी आल्यावरही धापा टाकत येरझाऱ्या घालतात. अंग दमलेलं असतं, डोकं मात्र शांत झालेलं नसतं.

स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये बीगल कुत्र्यांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना एक उपकरण चालवल्यावर बक्षीस मिळे, म्हणजे ते स्वतः कोडं सोडवत. त्यांच्या जोडीच्या कुत्र्यांनाही तेच बक्षीस मिळे, पण त्यांनी काही केलं काय किंवा न केलं काय, त्याचा बक्षिसाशी संबंध नसे. कोडं सोडवणारी कुत्री शेपट्या हलवत, उत्सुकतेनं प्रयोगाच्या जागी येत. दुसरी कुत्री हळूहळू तिथे यायला टाळाटाळ करू लागली. खाऊ दोघांनाही सारखाच होता. आपण केल्यामुळे काहीतरी घडलं, याचा आनंद फक्त पहिल्यांना मिळाला.

हा आनंद घरच्या घरी देता येतो, आणि त्याची सुरुवात नाकापासून करावी. कुत्रा हुंगायला लागला की सेकंदाला चार-पाच वेळा हवा आत घेतो. श्वास सोडताना ती हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून बाहेर जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ आणि त्यांच्या सहकारी शार्लोट ड्युरँटन यांनी 2019 मध्ये पाळीव कुत्र्यांचे दोन गट केले. एका गटाला दोन आठवडे वासानं खाऊ शोधायचा सराव दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायचा. त्यानंतर एक वाटी अशा जागी ठेवली, की तिच्यात खाऊ असेल की नाही याचा अंदाज येऊ नये. वासाचा सराव केलेली कुत्री त्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर जाऊ लागली. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. नाकाला काम मिळालेली कुत्री अधिक आशेनं जगाकडे पाहू लागली, असा या संशोधकांनी त्याचा अर्थ लावला.

हा शोधाचा खेळ कसा खेळायचा ते सांगतो. कुत्र्याच्या रोजच्या जेवणातलाच थोडा भाग बाजूला काढा. पनीरचे, उकडलेल्या चिकनचे किंवा अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे चालतील. पहिल्या दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत एक तुकडा खुर्चीच्या पायाशी ठेवा आणि ‘शोध’ म्हणा. तो खाईल, तुम्ही शाबासकी द्या. दोन-तीन दिवसांनी त्याला दुसऱ्या खोलीत थांबवा आणि तुकडे पडद्यामागे, चपलांच्या स्टँडच्या खालच्या फळीवर, सोफ्याच्या कडेला ठेवा. मग त्याला सोडा आणि तुम्ही अगदी गप्प उभे राहा.

तो आधी धावत सुटेल आणि तुकड्याच्या पुढे निघून जाईल. मग एकदम मान वळवेल. नाक जमिनीलगत येईल, श्वासाचा फुसफुस आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येईल, शेपटीची हालचाल वेगानं होऊ लागेल. तो डावीकडे जाईल, वास हरवेल, पुन्हा उजवीकडे येईल, आणि प्रत्येक वळणासरशी त्याचा फेरा लहान होत जाईल. या वेळी बोट दाखवून त्याला मदत करू नका. तो अडला तरी थांबा. शोध त्याचा आहे, तो त्याला पुरा करू द्या. असा पंधरा मिनिटांचा शोध झाला की बहुतेक कुत्री पोटभर पाणी पितात आणि आपणहून आडवी होतात.

फिरायला नेतानाही हेच लक्षात असू द्या. विजेच्या खांबापाशी, झाडाच्या बुंध्यापाशी तो थांबला की आपण पट्टा ओढतो. निदान एका फेरीत तरी त्याला हवं तितकं हुंगू द्या. अंतर कमी झालं तरी चालेल. उन्हाळ्यात डांबर तापून पंजे भाजतात, तेव्हाही सावलीतली अशी संथ फेरी दुपारच्या लांब फेरीपेक्षा बरी.

आता खेळण्यांविषयी. बाजारात मिळणारं काँग नावाचं पोकळ रबरी खेळणं पुष्कळांनी पाहिलं असेल. त्यामागची हकिकत अशी, की 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांच्या जर्मन शेफर्डला दगड चावायची सवय होती आणि त्यात त्याचे दात झिजत होते. मार्कहॅम आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करत असताना त्यातला एक रबरी भाग त्यांनी बाजूला टाकला. कुत्र्यानं तो उचलला आणि दगड सोडून दिले. त्यावरून हे खेळणं तयार झालं. त्यात दहीभात किंवा शिजवलेला लाल भोपळा भरा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेलं अन्न चाटून काढण्यात कुत्रा बराच वेळ रमतो, आणि चाटल्यानं, चावल्यानं तो शांतही होतो.

पण खेळण्यांसाठी पैसे खर्च केलेच पाहिजेत असं नाही. आपल्या स्वयंपाकघरात इडलीपात्र असतं. त्याची एक ताटली काढा, प्रत्येक खळग्यात खाऊचा एकेक कण टाका आणि वर टेनिसचे चेंडू ठेवा. चेंडू उचलायचा की नाकानं ढकलायचा, हे कुत्र्याला ठरवू द्या. जुना टॉवेल घ्या, त्यावर दाणे पसरा आणि त्याची गुंडाळी करा. पहिल्या वेळी सैल गुंडाळा, नंतर घट्ट करत जा, पुढे एखादी गाठ मारा. कोडं आधी सोपं हवं. सुरुवातीलाच अवघड दिलं तर कुत्रा नाद सोडतो किंवा चिडून टॉवेल फाडतो. सगळी खेळणी एकदम समोर टाकू नका. दोन बाहेर ठेवा, बाकीची कपाटात. आठवड्यानं अदलाबदल केली की जुनंच खेळणं त्याला पुन्हा नवं वाटतं. चेंडू घेताना निळा किंवा पिवळा घ्या. कुत्र्याला तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे हिरवळीवरचा लाल चेंडू त्याला चटकन दिसत नाही.

दोरीची ओढाओढी खेळू नये, कुत्रा जिंकला तर आपल्यावर शिरजोर होतो, असं अजूनही सांगितलं जातं. निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या ब्रिटिश संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांना कधी जिंकू दिलं, कधी हरवलं. जिंकलेली कुत्री शिरजोर झाल्याचं त्यांना आढळलं नाही. हा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा निर्धास्तपणे खेळा, त्यालाही जिंकू द्या. फक्त ‘सोड’ म्हटलं की सोडायचं, एवढा एक नियम पाळा, आणि सोडल्याबद्दल बक्षीस म्हणून खेळ पुन्हा सुरू करा. असा खेळ थांबवायला शिकलेला कुत्रा पाहुणे आल्यावरही स्वतःला लवकर आवरतो.

डोक्याला चालना देणारा आणखी एक खेळ म्हणजे नावं शिकवणं. अमेरिकेत साउथ कॅरोलायनामध्ये जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर चेसर ही बॉर्डर कॉली कुत्री पाळली आणि तीन वर्षांत तिला 1,022 खेळण्यांची नावं शिकवली. प्रत्येक खेळण्यावर ते मार्करनं नाव लिहून ठेवत. नवं, कधी न ऐकलेलं नाव उच्चारलं, तर ओळखीच्या खेळण्यांतून ती एकमेव अनोळखी वस्तू निवडून आणत असे. आपल्याला हजार नावं शिकवायची नाहीत. ‘चेंडू’, ‘दोरी’, ‘ससा’ एवढ्यापासून सुरुवात करा. तो चेंडू उचलत असताना ‘चेंडू’ म्हणा, शाबासकी द्या. ते पक्कं झालं की दोरी आणा. मग दोन्ही शेजारी ठेवून एक मागा. चुकला तर रागावू नका, नुसतं पुन्हा मागा.

आता काळजीचं थोडं बोलतो. घशात जाईल एवढं लहान खेळणं देऊ नका. दोरीचे धागे सुटू लागले की ती टाकून द्या, गिळलेला धागा आतड्यात अडकतो. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. द्राक्षं, मनुके, चॉकलेट आणि कांदा कुत्र्याला विषारी आहेत. आपल्याकडे प्रसादाच्या शिऱ्यात मनुके असतात, ते ध्यानात ठेवा. भिंतीवर लेझरचा ठिपका नाचवून त्याला धावायला लावू नका. जे कधीच पकडता येत नाही त्याच्यामागे लागून काही कुत्र्यांना सावल्यांचा आणि उजेडाचा ध्यास लागतो. घरात दोन कुत्री असतील तर अन्नाचे खेळ वेगवेगळ्या खोल्यांत खेळवा. आणि शांत कुत्रा अचानक बेचैन झाला, तर खेळण्याआधी पशुवैद्याकडे न्या, कारण त्याला काहीतरी दुखत असू शकतं.

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा, असं तुम्ही विचाराल. ज्या वेळात आपण कुत्र्याला ओरडतो, चपला शोधतो, फाटलेली उशी शिवतो, त्यातला थोडा वेळ याला पुरतो. घरातल्या आजी-आजोबांना गुडघ्यांमुळे कुत्र्यासोबत धावता येत नसेल, पण पडद्यामागे पनीरचा तुकडा त्यांना नक्की लपवता येतो. लहान मुलांना मोठ्यांच्या देखरेखीखाली हा खेळ शिकवला, तर जनावराला समजून घेण्याचा, त्याला वेळ देण्याचा आणि वाट पाहण्याचा धडा ती आपोआप शिकतात. म्हातारा कुत्रा पळू शकत नाही, डोळ्यांनी अधू होतो, पण हुंगू तोही शकतो. त्यालाही यातून वगळू नका.

कुत्र्याला आपण आपल्या इच्छेनं घरात आणलं. त्याचं रान, त्याचा माळ, त्याचं काम आपण काढून घेतलं. तेव्हा खाऊ-पिऊ घालणं आणि लस टोचून घेणं एवढ्यावर आपली जबाबदारी संपत नाही. त्याच्या अक्कलहुशारीला वाव देणं हाही त्याच्या पोषणाचाच भाग आहे. आज रात्री त्याचं जेवण वाढताना मूठभर बाजूला ठेवा, घरात चार ठिकाणी लपवा, आणि त्याला म्हणा, ‘शोध’.