पन्हाळ्यावरचं परराष्ट्र खातं : टोपीकर, वखारी आणि मालवणचं बंदर

(या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत.)

आज विषय परराष्ट्र धोरण. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका. दिल्ली, वॉशिंग्टन, बीजिंग यातलं काही नाहीये. आज आपण जाणार आहोत पन्हाळ्यावर. हो, तोच आपला पन्हाळा, जिथं रविवारी झुणका-भाकर खायला जातो. तीनशे वर्षांपूर्वी तिथून एक छोटं राज्य चालायचं आणि त्या राज्याला परदेशी कंपन्यांचं काय करायचं, हा प्रश्न पडला होता. त्याचं लेखी उत्तर आजही वाचायला मिळतं.

आधी परिस्थिती समजून घ्या. साल १७१५. छत्रपतींच्या घराण्याच्या दोन गाद्या झाल्यात. साताऱ्याला शाहू महाराज. इकडे ताराराणींनी उभी केलेली करवीरची गादी, पण १७१४ ला पन्हाळ्यावर सत्तांतर झालं. ताराराणी आणि त्यांचा मुलगा नजरकैदेत गेले, राजसबाईंचे पुत्र संभाजीराजे गादीवर बसले. राजा तरुण. उत्तरेला सातारा, म्हणजे भाऊच, पण स्पर्धक. पूर्वेला मोगल सुभेदार. पश्चिमेला घाट उतरलं की समुद्र, तिथं गोव्यात पोर्तुगीज, मुंबईत इंग्रज, जंजिऱ्यात सिद्दी. थोडक्यात, चारी बाजूंनी आपल्यापेक्षा दांडगे शेजारी.

या राज्यात एक म्हातारा माणूस होता. रामचंद्रपंत अमात्य. यांनी १६७४ चा राज्याभिषेक अष्टप्रधानात बसून पाहिलेला. पुढं राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचं अख्खं राज्य यांनीच सांभाळलं, म्हणून त्यांना ‘हुकुमतपनाह’ हा किताब. गगनबावडा त्यांच्याकडे. तुम्ही पावसाळ्यात करूळ घाटात किंवा भुईबावड्यात फोटो काढायला जाता ना, तो रस्ता तेव्हा व्यापाराचा. वर कोल्हापूर, खाली खारेपाटण, आणि पुढं खाडीतून विजयदुर्ग. कुठला माल चढतोय आणि कोण कुठल्या बंदरात उतरलंय, हे कळण्यासाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

तर या पंतांनी तरुण राजासाठी एक ग्रंथ तयार केला, ‘आज्ञापत्र’. शाळेत नाव ऐकलंय सगळ्यांनी. किल्ल्यांवरचा भाग आणि ते आंब्या-फणसाची झाडं तोडू नका वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतं. पण त्यात व्यापार, परदेशी व्यापारी आणि आरमार यांच्यावर जे लिहिलंय ते आपण कमी वाचतो. माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात धारदार भाग तोच आहे. ओळी वाचून दाखवत नाही, माझ्या शब्दांत सांगतो.

पंत म्हणतात, सावकार ही राज्याची शोभा. सावकार म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर व्याजवाला येतो, पण इथं अर्थ मोठा व्यापारी असा घ्या. त्याच्यामुळं राज्यात वस्ती वाढते, न मिळणाऱ्या वस्तू येतात आणि राज्य अडचणीत आलं तर कर्जही मिळतं. म्हणून बाहेरच्या व्यापाऱ्यांना बोलवा, पेठा वसवा, त्यांचा अपमान होऊ देऊ नका. समुद्रावर तर आणखी बारकाईनं सांगितलंय. ज्या व्यापाऱ्याकडं आपला कौल आहे, म्हणजे परवाना अधिक अभयपत्र, त्याला काडीचाही त्रास नको. ज्याच्याकडं कौल नाही पण शत्रूचाही माणूस नाही, त्याचं जहाज बंदरात आणा, मालाला हात लावू नका, लाकूड-पाणी द्या, काय विकायचं घ्यायचं ते करू द्या, जकात हलकी ठेवा आणि खूश करून परत पाठवा. म्हणजे पुढच्या वेळी तो आपणहून येईल.

आता इथं लक्ष द्या. हाच माणूस पुढं टोपीकरांवर येतो आणि त्याचा सूर बदलतो. टोपीकर म्हणजे टोपीवाले युरोपीय. त्यांनी यादीच दिलीय : फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज म्हणजे डच, फरासीस म्हणजे फ्रेंच आणि डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे. हेही सावकारी करतात, पण इतर सावकारांसारखे नाहीत असं पंत सांगतात. का? कारण यांच्या मागं यांचा राजा आहे. हे त्याच्या हुकुमानं येतात. आणि ज्याच्या मागं राजा आहे त्याला जमिनीचा लोभ नसेल, हे कसं शक्य आहे?

बास. हा एक प्रश्न. दुकानदार दारात आला तर त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघा. सरकारी बँकेच्या पैशानं बंदर बांधून देणारी कंपनी ही नुसती कंपनी असते का, यावर आज जगभर चर्चासत्रं होतात. पंतांनी हे पन्हाळ्यावर बसून एका वाक्यात विचारलं.

मग करायचं काय? हाकलून द्यायचं? नाही. येऊ जाऊ द्या, व्यापार करू द्या. पण वखारीला जागा शक्यतो देऊ नका. द्यावीच लागली तर खाडीच्या तोंडावर, समुद्राकाठी अजिबात नको. कारण यांचं बळ आरमारात, तोफांत आणि दारूगोळ्यात. बंदरावर जागा मिळाली की आरमाराच्या आधारानं तिथं नवा किल्ला उभा राहील आणि तेवढी जमीन राज्यातून गेली म्हणून समजा. द्यायचीच तर आत, राजापूरसारख्या मोठ्या नावाजलेल्या शहरात द्या. तीही सखल जागी, शहराच्या नजरेखाली. आणि पक्की इमारत बांधू देऊ नका.

राजापूरचं उदाहरण उगाच नाही आलं. १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा दिला होता. तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन घाट चढून वर आला आणि त्यानं इंग्रजांचं निशाण लावून याच पन्हाळ्यावर मारा केला. व्यापारी होता ना तो? महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर घेतलं, वखार खणून काढली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. पण पुढं त्यांच्याशी तहही केला, वखार पुन्हा घालू दिली. राग धरून बसले नाहीत. पण वखार राजापुरात, म्हणजे खाडीतून आत आल्यावर, हाताच्या अंतरावर. बिघडलं तर घाटावरून उतरून एका दिवसात बंद करता येईल अशी. पंतांचा नियम अनुभवातून आलाय तो असा.

आणि अर्थकारणाचंही एक सांगतो, कारण व्यापार धोरण म्हणजे फक्त संशय नव्हे. डिसेंबर १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र पाठवलं. विषय, मीठ. बारदेशचं, म्हणजे पोर्तुगीजांच्या गोव्यातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि आपल्या कोकणातले मिठागरवाले मार खात होते. हुकूम असा की त्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. आयात शुल्क, टॅरिफ. ट्रम्पसाहेबांच्या आधी साडेतीनशे वर्षं. पंत याच शाळेत शिकले.

जरा बाहेर बघू. जपाननं १६४१ पासून डचांना नागासाकीच्या देजिमा नावाच्या छोट्या कृत्रिम बेटावर कोंडून ठेवलं होतं. व्यापार तिथंच, पूल ओलांडायचा तर परवानगी. हेतू तोच, पद्धत उलटी. आणि आपल्याकडं? आज्ञापत्रानंतर दोनच वर्षांनी, १७१७ मध्ये, दिल्लीत बादशहा फर्रुखसियरनं इंग्रजांना फर्मान दिलं : बंगालमध्ये वर्षाला तीन हजार रुपये भरा आणि जकात माफ. एवढी मोठी मोगल बादशाही, आणि चाळीस वर्षांनी प्लासी. मोठं राज्य असलं की कदाचित असं वाटत असावं, हे चार टोपीवाले काय करणार आहेत. छोट्याला ती चैन परवडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं शहाणपण होतं तर कोल्हापूरचं काय झालं? तिथंच मला हा विषय खरा महत्त्वाचा वाटतो.

पंतांच्या सल्ल्याचे दोन भाग होते. एक टोपीकरांबद्दल, दुसरा स्वतःच्या आरमाराबद्दल. त्यांनी सांगितलं होतं की आरमाराचा पगार मुलखाच्या वसुलीतून नेमून द्या. समुद्रावर जे हाती लागेल त्यावर पोट भरायला लावू नका. तसं केलं तर आरमार व्यापाऱ्यांनाच पिडायला लागेल आणि बंदरं ओस पडतील. किती साधी गोष्ट! वाहतूक पोलिसाचा पगार दंडातून द्यायचा ठरवलं तर चौकात काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

करवीरकडं मालवण होतं, सिंधुदुर्ग होता. पण राज्याचा मुलूख लहान, उत्पन्न तुटपुंजं, लढाया कायमच्या. आरमार हळूहळू पकडलेल्या जहाजांवर जगायला लागलं. इंग्रज त्यांना चाचे म्हणायचे. त्यात इंग्रजांचा कावा होताच. पोर्तुगीज दोनशे वर्षं आपला कार्ताझ नसलेलं जहाज पकडत होते, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. समुद्रावर परवाना मागायचा हक्क आपल्या राजालाही होता. पण हक्क वेगळा आणि पगाराची सोय वेगळी. व्यापाऱ्यांना त्रास झाला आणि इंग्रजांना कारण मिळालं.

त्याआधी आणखी एक घाव बसला होता, तो आपल्याच माणसांनी घातलेला. १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गात जाळलं. आंग्रे उद्धट होते, ऐकत नव्हते, सगळं मान्य. पण किनाऱ्यावर इंग्रजांना अडवेल अशी ताकदच उरली नाही. नऊ वर्षांत, १७६५ ला, इंग्रज मालवणवर आले आणि सिंधुदुर्ग घेतला. नाव काय ठेवलं? फोर्ट ऑगस्टस! तेव्हा राज्यकारभार जिजाबाई बघत होत्या. पुढच्या वर्षी तह करून, पैसे मोजून किल्ला परत मिळवला. कणखर बाई. त्यांच्यावर एक वेगळा भाग करायचाय.

पण मूळ दुखणं तसंच राहिलं. १७९२ मध्ये इंग्रज परत आरमार घेऊन निघाले आणि पुन्हा तह झाला. त्यातली कलमं ऐका. १७८५ पासून इंग्रज व्यापाऱ्यांचं झालेलं नुकसान भरून द्यायचं. आणि वखारी घालायला परवानगी द्यायची. कुठं? मालवणला आणि कोल्हापूरला. एक बंदरावर आणि एक थेट राजधानीत. पंतांनी जे नको म्हणून लिहिलं होतं तेच, बरोबर ७७ वर्षांनी.

दोष कुणाचा, हे ठरवायची घाई करू नका. छोट्या राज्याची गंमत अशी की त्याला लांबच्या बलाढ्यापेक्षा जवळच्या शेजाऱ्याची भीती जास्त असते. कोल्हापूरला रोजचा त्रास पटवर्धनांचा, निपाणीकरांचा, म्हणजे पेशव्यांच्या बाजूच्या सरदारांचा. १७९९ ला पट्टणकोडोलीच्या लढाईत खुद्द परशुरामभाऊ पटवर्धन मारले गेले. हे वैर कुठल्या थराचं होतं ते यावरून कळेल. कोल्हापुरात बसलेल्या माणसाला इंग्रज दूरचे आणि निपाणी तासाभराच्या अंतरावर. मग दूरच्याशी हातमिळवणी करून जवळच्याला रोखावं, हे आज चूक दिसलं तरी त्या दिवशी शहाणपणाचं वाटलं असणार. आजही छोटे देश हेच करतात. कुणी जिबूतीसारखा अमेरिका, फ्रान्स, जपान, चीन सगळ्यांनाच तळाला जागा देतो, म्हणजे एकटा कुणी डोक्यावर बसणार नाही. कुणी श्रीलंकेसारखा कर्जाच्या ओझ्यात हंबनटोटा बंदर ९९ वर्षांच्या भाड्यानं चिनी कंपनीला देतो, २०१७ मध्ये दिलं तसं. पंतांनी पाचही टोपीकर एकाच तराजूत तोलले, त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवायचा विचार त्यात नाही. मला तिथं त्यांचं थोडं अपुरं वाटतं.

शेवटी १८१२. करवीरचे शिवाजी महाराज आणि कंपनी यांच्यात तह झाला. मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडं गेला. चिकोडी आणि मनोळी या तालुक्यांवरचा हक्क कोल्हापूरनं सोडला. बदल्यात इंग्रजांनी शत्रूपासून संरक्षणाची हमी दिली. आणि एक कलम, ज्याच्यापुढं मालवणही किरकोळ आहे : यापुढं दुसऱ्या कुठल्याही राज्याशी भांडण झालं तर स्वतः लढायचं नाही, निवाडा इंग्रजांकडं न्यायचा. म्हणजे गादी राहिली, वाडा राहिला, हत्ती राहिले. परराष्ट्र खातं तेवढं बंद झालं.

सहा वर्षांनी पेशवाई बुडाली, त्या युद्धात कोल्हापूर इंग्रजांच्या बाजूनं राहिलं म्हणून बक्षीस मिळालं. काय? चिकोडी आणि मनोळी. १८२९ च्या तहात तेही काढून घेतले.

पुढच्या भागात १७३१ चा वारणेचा तह घेऊ. दोन भावांनी नदी मध्ये ठेवून राज्य कसं वाटलं आणि एकमेकांचे नोकर फोडायचे नाहीत असं कलम त्यात का घालावं लागलं, ते बघू. आज्ञापत्र कुणी पूर्ण वाचलं असेल तर आरमाराचं प्रकरण परत काढा आणि तुम्हाला काय दिसलं ते कॉमेंटमध्ये लिहा. भेटूया.