चार्जिंगची करवत आणि बाईची मजुरी

(शेतकरी स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान’ असा भारदस्त विषय छापलाय. त्यावर मला काही बोलता येणार नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतली बाई. आमच्या गटात अकराजणी आहोत, आणि आमचं जे काही तंत्रज्ञान आहे ते या टेबलावर मांडून ठेवलंय. ही लांब दांडीची, गवत कापायची. आमच्याकडे तिला सगळे ग्रासकटर म्हणतात. ही साखळीची करवत, चेनसॉ. आणि ही फांद्या छाटायची कात्री. तिन्ही चार्जिंगवर चालतात. पहिल्या दोघींना एकच बॅटरी लागते, कात्रीची वेगळी. पुढे बसलेल्यांनी मागे सरकायचं कारण नाही, बॅटऱ्या माझ्या पिशवीत आहेत.

आंब्या-काजूच्या बागेतली बेणणी हे आमच्याकडे बायांचं काम. पावसाळा सरला की झाडाखाली कमरेएवढं गवत माजलेलं असतं. वाकून कोयतीने ते कापायचं, दिवसभर. मग पेट्रोलचे ग्रासकटर आले. वाडीतल्या चार-पाच पोरांनी घेतले आणि बागवाले त्यांना बोलवू लागले. आम्ही कुठे गेलो? कुठेच नाही, त्याच बागेत. फक्त आता पोरगा कापून पुढे गेला की मागून गवत गोळा करायला. कापायची मजुरी त्याला, गोळा करायची आम्हाला. बेणणी तेव्हापासून गड्याचं काम झालं, आणि तसं कुणी ठरवलं हे विचाराल तर सांगता येत नाही. सभा झाली नव्हती.

आम्ही विचारलं, आम्ही का चालवू नये? उत्तर ठरलेलं: ‘तुम्हाला दोरी ओढता यायची नाही.’ पेट्रोलचं यंत्र सुरू करायला एक दोरी जोरात ओढावी लागते. मी ओढून पाहिली. सात-आठ वेळा ओढली, खांदा भरून आला, यंत्र ढिम्म. बघायला जमलेले हसले. आता खरी गोष्ट अशी की थंड इंजिन त्या पोरांनाही दहा-दहा वेळा दमवतं. पण तेव्हा ते म्हणतात, मशीन खराब झालंय, कार्बोरेटर साफ करायला हवा. माझ्या हातात ते सुरू झालं नाही तर खराब कोण, तर बाई.

चार्जिंगचं यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकानदाराने नुसती बॅटरी खटकन बसवली आणि बटण दाबलं. आमच्यातली सर्वांत वयस्कर काकी, साठीच्या पुढची, म्हणाली, ‘एवढंच?’ तिच्या त्या एका शब्दावर आम्ही कर्ज काढलं असं म्हटलं तरी चालेल.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवायच्या असतील तर थांबा. यंत्र गटाच्या नावावर आलं, कर्ज आम्ही फेडत होतो, पण पहिल्या हंगामात ते चालवलं कुणी? ‘तू राहू दे, जड आहे, मी करतो.’ ‘आई, तुला जमायचं नाही, दे इकडे.’ भांडण नाही, तंटा नाही, अगदी प्रेमाने. दिवाळीनंतर मी गटाची वही काढून बसले. यंत्र चाळीस दिवस कामावर होतं. त्यातले बाईने चालवलेले दिवस सहा. आम्ही आमच्याच कर्जाने घरच्या पुरुषांना रोजगार मिळवून दिला होता!

एस्टर बोसरप नावाच्या डॅनिश अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० साली एक पुस्तक लिहिलं, शेती आणि स्त्रियांच्या कामाबद्दल. त्यांनी दाखवलं की जिथे हाताच्या अवजारांची शेती होती तिथे बऱ्याच ठिकाणी शेती बाईच्या हातात होती, आणि नांगर आला तसा पुरुष नांगरामागे उभा राहिला. मला हे आमच्या एका कार्यकर्तीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यासाठी आफ्रिकेत कशाला जायला हवं? आमच्या घरातली कुऱ्हाड बघा. चुलीसाठी फाटी फोडताना बाई कुऱ्हाड चालवते, तिला कुणी म्हणत नाही की हे बाईचं काम नव्हे, दे इकडे. त्या कुऱ्हाडीला मजुरी नाही. जड काय नि हलकं काय, ते वजनावर ठरत नाही.

मग आम्ही नियम केला. यंत्र गटाच्या बाईबरोबरच बाहेर जाईल, चालवेल तीच. तिच्या घरच्या पुरुषाने चालवलं तर त्या दिवसाचं भाडं दुप्पट. हा नियम करायला तीन बैठका लागल्या आणि एकीच्या घरी त्यावरून मारहाण झाली. आम्ही सगळ्या तिच्या दारात जाऊन बसलो. ती हकीकत मी इथे सांगणार नाही, कारण ती तिची आहे, तिला सांगायची तेव्हा ती सांगेल. पण यंत्राबद्दल बोलताना ती वगळून बोलणं खोटं होईल, म्हणून एवढा उल्लेख केला.

मजुरीचंही तसंच. एका बागवाल्याने ग्रासकटरवाल्या पोराला आठशे रुपये दिले होते, आम्हाला पाचशे म्हणाला. यंत्र तेच काम करतंय, बाग तीच. ‘बाईला एवढे कोण देतं?’ समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ साली झाला, पुढे २०१९ च्या वेतन संहितेत तो सामावला गेला. बागेच्या बांधावर उभं राहून तो कायदा वाचून दाखवण्यात फारसा अर्थ नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आम्ही रोज घेणंच बंद केलं. आता गुंठ्यावर घेतो. गुंठ्याला बाई-पुरुष नसतो.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण अर्धवट माहितीवर कर्ज काढू नका. बॅटरीवर ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-तास असं लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार करा: १४४ वॅट-तास. म्हणजे विजेच्या एका युनिटचा सातवा हिस्सा. चार्जिंगचा खर्च नगण्य. पण एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ हजार वॅट-तास ऊर्जा असते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं हे खरं, तरी फरक केवढा आहे पहा. म्हणून एका बॅटरीवर दिवसभर काम होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दोन बॅटऱ्या तरी हव्यात, आणि तिथेच पैसा जातो. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या यंत्राला बसत नाही, त्यामुळे पहिलं यंत्र घेतानाच पुढची दोन ठरतात. वीज गेली की चार्जिंग अडतं. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि पावसात ही यंत्रं बाहेर काढायची नाहीत. कोकणात पावसात बाहेर काढायचं नाही म्हणजे चार महिने मांगरातच!

फायदा कसला, तर धूर नाही. पेट्रोल आणि ऑइल मिसळून चालणारं इंजिन तोंडाशी घेऊन बाई दिवसभर उभी असते, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तिच्या नाकात जातो. कंप कमी असतो. वर्षानुवर्षं कंप पावणारं यंत्र धरणाऱ्यांच्या बोटांतलं रक्ताभिसरण बिघडतं, थंडीत बोटं पांढरी पडतात, बधिर होतात. परदेशातल्या जंगलकामगारांमध्ये हा आजार पूर्वीपासून माहीत आहे. आवाज कमी असतो, पण चेनसॉसाठी कानांना संरक्षण लागतंच, ‘आवाज येत नाही’ या जाहिरातीवर जाऊ नका.

आणि हा कमी आवाजच घात करतो. पेट्रोलचं यंत्र गुरगुरत असतं, ते जिवंत आहे हे कळतं. हे गप्प असतं. माझा हा अंगठा बघा. साखळीत अडकलेली काजूची साल काढायला गेले, बॅटरी तशीच होती, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर गेलं. चार टाके पडले. चूक माझीच. तेव्हापासून आमच्या गटात एकच मंत्र आहे: आधी बॅटरी बाहेर, मग साखळीला हात.

करवतीचं पातं संपतं तिथे, टोकाच्या वरच्या भागाला लाकूड लागलं तर करवत क्षणात उसळून तोंडाकडे येते. ताकदवान माणूसही ती थोपवू शकत नाही, म्हणून इथे ताकदीचा मुद्दाच नाही, मुद्दा उभं राहण्याचा आहे. दोन्ही हातांनी धरायची, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून वळवून. पात्याच्या सरळ रेषेत डोकं नाही, जरा डावीकडे उभं राहायचं. खांद्याच्या वर करवत न्यायची नाही. पुढच्या ढालीला धक्का लागला की साखळी थांबते, ते ब्रेक चालतात का हे रोज कामाआधी बघायचं. साखळीला तेल लागतं, बॅटरीची असली तरी. भुसा चुऱ्यासारखा बारीक पडायला लागला तर साखळी बोथट झाली समजा. जोर लावू नका, कानस लावा.

कपड्यांचा प्रश्न राहिला. ग्रासकटर फिरता असतो, पदर आणि निऱ्या तिथे चालत नाहीत. आमच्यातल्या निम्म्या जणी आधीपासून साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून रानात जात होत्या, त्याला कुणाची हरकत नव्हती. पँट घातल्यावर मात्र वाडीची मान खाली गेली. आठ दिवस. मग लोकांना दुसरा विषय मिळाला. बूट मिळणं जास्त कठीण. तालुक्याच्या दुकानात सर्वांत लहान बूट सात नंबरचा, आमच्या काकीचा पाय चार नंबरचा. खांद्यावरून येणारा पट्टा छातीवर काचतो. हे सगळं पुरुषाच्या मापाने बनवलेलं आहे, आणि मग बाईला ते पेलत नाही असं म्हणायचं.

या करवतीची जन्मकथा मला अलीकडे कळली. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी दात असलेली साखळी वापरात आणली. कशासाठी? अडलेल्या बाळंतपणात बाईच्या ओटीपोटाचा सांधा कापून वाट मोठी करण्यासाठी, आणि सडलेलं हाड कापण्यासाठी. भुलीचं औषध तेव्हा नव्हतं. झाडं कापणारी करवत नंतरची. हे ऐकल्यावर मी ती दोन दिवस हातात घेतली नाही. मग घेतली, कारण बेणणीचं काम उभं होतं.

आता माझ्याजवळ ज्याचं धड उत्तर नाही ते सांगते. कोयतीने सहा बाया दिवसभर जे रान बेणायच्या, ते आम्ही दोघी यंत्राने करतो. त्या सहांपैकी चौघी बौद्धवाडीतल्या, नावावर एक गुंठाही नाही. त्यातली एक मला बाजारात म्हणाली, ‘आधी पोरांनी आमचं काम नेलं, आता तुम्ही नेलंत. आम्हाला काय फरक?’ मी तिला समजावायला लागले आणि मलाच माझं बोलणं ऐकवेना. दोघींना आम्ही वर्गणी न घेता गटात घेतलं, त्या आज यंत्र चालवतात. बाकीच्या दोघी चिरेखाणीवर जातात. आमच्या कामाने त्यांचं काम गेलं, हे कागदावर कुठे येणार नाही, म्हणून इथे सांगते.

कागदावरून आठवलं. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानात, २०१४-१५ पासून, स्त्री-शेतकऱ्याला यंत्राच्या किमतीच्या पन्नास टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं, इतर शेतकऱ्यांना चाळीस. छान. पण अर्ज करायला सातबारा लागतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बाया जेमतेम चौदा टक्के होत्या. आमच्या अकराजणींत सातबाऱ्यावर नाव दोघींचं, दोघीही विधवा.

त्यातल्याच एकीची गोष्ट. गेल्या वर्षी एक माणूस करवत भाड्याने न्यायला आला, सोबत आमची बाईही मागितली, नियमाप्रमाणे सगळं. काम कुठलं, तर काजूची बारा झाडं तोडायची. जागा ऐकल्यावर ती उठून उभी राहिली. तिच्याच वाटणीची झाडं. तोडायला निघालेला तिचा दीर. आंबा, फणस, साग, खैर, जांभूळ, किंजळ ही झाडं तोडायला १९६४ च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. काजू त्या यादीत नाही. म्हणजे दिराला अडवणारा सरकारी माणूस कुणी येणारच नव्हता. तो आमच्या करवतीने, आमच्या हातून, तिचं उत्पन्न तोडणार होता.

१९७४ मध्ये रेणी गावात गौरादेवी आणि तिच्याबरोबरच्या बाया झाडांपुढे उभ्या राहिल्या. त्यांच्या समोर करवत होती. आमच्या हातातच करवत आहे, त्यामुळे आमचं कोडं वेगळं आहे. झाड तोडायचं काम असलं की आता आम्ही आधी सातबारा मागतो, आणि त्यावर जितकी नावं असतील तितक्यांना विचारतो. बायांच्या नावांना त्यांच्या घरी जाऊन, एकटीला गाठून. यात कामं हातची जातात. लोक म्हणतात, तुम्ही भाडं घ्या, चौकशा कशाला करता? गेल्या हंगामात अशी तीन कामं सोडली, आणि कर्जाचा एक हप्ता थकला. त्यावरून गटात आजही दोन मतं आहेत. माझं मत मी सांगितलं, काकीचं उलट आहे, ती इथे मागे बसली आहे, तिलाही विचारा.

जेवणानंतर मागच्या अंगणात दोन ओंडके आणून ठेवलेत. ज्यांना चालवून पाहायचं असेल त्यांनी या. पदर खोचून, केस बांधून, आणि पायात बूट असतील त्यांनीच. काकीने चार नंबरचा एक जोड आणलाय.